दोन शब्दांचा फुगा

सुगत, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी बावीस मिनिटं बोललो. माझी सवय तुला ठाऊक आहे. गोंदियापासून सडक अर्जुनीपर्यंत कुठेही दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. त्या दिवशीही गेला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, आणि मी. लोक तीनदा हसले, दोनदा रडले. सायबर कॅफेचा किस्सा सांगितला तेव्हा तुझा थोरला साळा डोळे पुसता पुसता हसत होता. बोलून खाली बसलो तर एकाने हात धरला. "हेमराजभाऊ, जिवंत केलं तुमी त्याले."

तू खरोखर जिवंत असतास आणि मागच्या रांगेत बसला असतास, तर काय म्हणाला असतास? काहीच नाही. डोकं जरा तिरकं करून पाहिलं असतंस, ट्रकच्या फाळक्यावर रंगवलेलं अक्षर सरळ आलंय का ते पाहायचास तसं. आणि अक्षर तिरकंच होतं. बावीस मिनिटांत मी खूप काही सांगितलं, ती एक गोष्ट सोडून. सांगायची होती ती तेवढीच.

आता सांगतो. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, ही तुझी जुनी तक्रार. तेव्हा सायबर कॅफेपासून येऊ दे.

तिशीही गाठली नव्हती आपण. कोहमाऱ्याच्या चौकात, ट्रक तोलायच्या धरमकाट्यासमोर तुझं ट्रक रंगवायचं दुकान जोरात होतं. ब्रश घ्यायला गोंदियात आलास, मी माझ्या गावाहून, मुर्रीहून, येऊन तुला गाठलं आणि ओढत कॅफेत नेलं. तिथे एक नवा गेम आला होता. सगळं काळं-पांढरं. लांब कोटातला एक माणूस अंधाऱ्या शहरात फिरतोय आणि जड आवाजात स्वतःशीच बोलतोय, की हे शहर आतून सडलं आहे. मी तर त्या आवाजावरच फिदा झालो. तू मात्र खुर्चीत बसलास, त्या माणसाला चालवत एका दिव्याखाली नेलंस आणि तिथेच उभं करून ठेवलंस. मागून गुंड आले, त्याला मारून गेले. तू पुन्हा सुरू केलंस, पुन्हा दिव्याखाली उभा केलास. पुन्हा मेला. असा तो बिचारा पाच-सहा वेळा मेला.

कॅफेवाल्याला राहवेना. "भैया, खेलोगे कि बस देखोगे?"

"देख रहा हूँ ना," तू म्हणालास.

बाहेर आल्यावर रस्त्यावरच थांबलास. "त्याची सावली पायली का गा? माणूस कायबी बोलून रायला, पण सावली बरोबर पडून रायली."

मग टीव्हीवरचं ते कार्टून. गुन्हेगारांचं शहर, उंच इमारती, काळं आभाळ. लोक मारामारी पाहत होते, आणि तू पडद्याला नाक लावून भिंती पाहत होतास. "ह्याइनं पांढरा कागद घेतलाच नाई. काळ्या कागदावर उजेड रंगवला आहे." दुसऱ्या दिवशी दुकानात काळ्या जाड कागदाची थप्पी आली. तेव्हापासून तुझी पद्धत ठरली: आधी सगळं काळं, मग त्यातून माणूस बाहेर काढायचा. पुढे फ्लेक्स आले, ट्रकवाले स्टिकर लावू लागले, रंगाचे डबे सुकत गेले. कागदांची थप्पी वाढत गेली.

अशी आपली चित्रकथा सुरू झाली. धरमकाट्यावर बसणारा एक माणूस. नाव नाही, सगळे त्याला काटेवाला म्हणतात. गळ्यात दुपट्टा, चेहरा कायम पत्र्याच्या सावलीत, हात मात्र उजेडात. ट्रक काट्यावर चढला की आकडा वजन सांगतो. ड्रायव्हर खाली उतरून काय ते खोटं सांगतो. आणि काटेवाला गप्प बसून दोन्ही जोखतो. चित्रं तुझी, फुग्यांतलं बोलणं माझं.

आणि पहिल्याच पानावर आपलं भांडण.

"रात्र पाहिजे सुगत," मी म्हणायचो. "पाऊस पाहिजे. ओला रस्ता, एक पिवळा बल्ब. गुन्हा रात्रीच शोभतो."

"मे महिन्यात दोन वाजता कोहमाऱ्याच्या चौकात उभा राय. मंग सांग."

"दोन वाजता तिथे कुत्रंसुद्धा उभं राहत नाही!"

"तेच तं! कोणी नाई. रस्ता पांढरा फक, पत्र्याखाली सगळं काळं. सावलीले रात्र कायले पायजे? ऊन पायजे."

मी यावर कितीतरी वर्षं हसलो. मंडईत चारचौघांत तुझी नक्कल करायचो, डोळ्यांवर हात धरून, घाम पुसत, 'हा पाहा आमचा भरदुपारचा गुप्तहेर!' लोक लोळायचे. तूही हसायचास. या कल्पनेला सगळ्यात जास्त हसलेला माणूस मी आहे. हे आधी लिहून ठेवतो, पुढे लागणार आहे.

एकदाच, फक्त एकदा, मी नीट विचारलं होतं की हे भरदुपारचं खूळ आलं कुठून. तू पत्र्याखाली बसून ब्रश धूत होतास. माझ्याकडे न पाहता सांगितलंस.

"माय विड्या वळे ना. सकाळी भिताडाची सावली आंगणभर राहे. मंग आटत जाय. सावली आटे तशी माय भिताडाकडं सरके. कोळशानं जमिनीवर रेघा मारून ठेवल्या होत्या तिनं. सावली या रेघेवर आली का भात ठेवायचा. त्या रेघेवर आली का मले शाळेत हाकलायचं. बारा वाजेपर्यंत सावली एवढीशी उरे. तोंड सावलीत, हात उन्हात. मायचं दुपारचं तोंड मले आठवतच नाई गा. हात आठवतात."

मग ब्रश झटकलास आणि उठलास. मला तेव्हा कळायला हवं होतं की काटेवाल्याचे हात उजेडात का असतात. नाही कळलं. मी बहुधा पुढचा विनोद जुळवत होतो.

पहिल्या पुस्तकाचा घोटाळा आठवतो? मी सभेत तोही गाळला, कारण त्यात माझी फजिती होती. गोष्ट साधी. ड्रायव्हर म्हणतो, मी भरदुपारी दोन वाजता ट्रक तोलला. तुझ्या चित्रात मात्र ट्रकची सावली रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलेली. दोन वाजता सावली इतकी लांब पडते का? संध्याकाळ आहे, गडी खोटं बोलतोय. सगळं रहस्य त्या एका सावलीत. आणि मी काय केलं? एवढी मोठी काळी जागा रिकामी पडली आहे, वाया जाते आहे, म्हणून तिच्यावर चाळीस शब्दांचा फुगा चिकटवला. ड्रायव्हरचं बालपण, त्याची बायको, नवेगावचा तलाव, काय काय लिहिलं त्यात! पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर काटेवाला म्हणतो, 'मला सावलीनं सांगितलं.' आणि सावली पुस्तकात कुठेच नाही.

लोकांनी धारेवर धरलं. नागऱ्याच्या एका गुरुजींनी भर चौकात विचारलं, "कोणती सावली जी? तीनदा वाचलं!" मी सांगितलं, छापखान्यात चूक झाली. तू शेजारीच होतास. घरी जाताना एवढंच म्हणालास, "फुगा मोठा झाला गा."

दुसऱ्या पुस्तकापासून फुगे तूच काढू लागलास. रिकामे. प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलीने बारीक आकडा: सात, चार, पाच. तितकेच शब्द. मी आरडाओरडा केला, म्हटलं मी लेखक आहे का रेशन दुकानदार? तू म्हणालास, "मावते तेवढंच टाक." त्या आकड्यांमुळे मी लिहायला शिकलो, सुगत. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्यापाशी आभार मानायची मला लाज वाटायची. लाज नको तिथे वापरून संपवली की काय कोण जाणे, हवी होती तेव्हा शिल्लकच नव्हती.

मग रिद्धी आली. नागपूरची मुलगी, चार-पाच दोस्तांबरोबर गेम बनवते. काटेवाल्याची दोन्ही पुस्तकं तिच्या हाती कशी लागली देव जाणे. ती कोहमाऱ्याला आली, तुझी पानं पाहून जमिनीवरच बसली. म्हणाली, जगात सगळीकडे या काळ्या शैलीच्या गोष्टी रात्री घडतात, पावसात घडतात. भर उन्हात घडणारी मी पहिल्यांदा पाहिली. आम्हाला हिचा गेम करायचा आहे. मी तुझ्याकडे पाहिलं. तू जमिनीकडे पाहत होतास, कान लाल झाले होते.

जानेवारीत गोंदियात तुझ्या पानांचं प्रदर्शन भरलं. पत्रिकेवर माझं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली 'रेखाटन साहाय्य' आणि तुझं नाव. छापण्याआधी पत्रिका माझ्याकडे आली होती. मी पाहिली. माझ्या नावातली मात्रा चुकली होती, ती दुरुस्त करायला सांगितली. बाकी ठीक आहे म्हटलं.

हॉल भरलेला. आपण दोघे मंचावर. रिद्धीने प्रश्न विचारला, "ही दुपारची सावली सुचली कशी?" आणि माईक तुझ्यापुढे धरला. तुझ्यापुढे, माझ्यापुढे नाही. तू श्वास घेतलास. तुला बोलायच्या आधी एक मोठा श्वास लागायचा, सगळ्यांना माहीत आहे. त्या एका श्वासात माझा हात गेला. "तो काही बोलायचा नाही, मी सांगतो," म्हणालो, आणि लोक हसले. ते हसणं ऐकलं की मला काय होतं ते तू पाहत आला आहेस. मी उठून उभा राहिलो.

आणि सांगितलं, 'माझी आई विड्या वळायची.'

रेघा सांगितल्या. कोळसा सांगितला. आटणारी सावली सांगितली. तोंड सावलीत, हात उन्हात, हे तर इतकं सावकाश सांगितलं की पहिल्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. वर म्हणालो, 'तेव्हापासून माझ्या मनात होतं, गोष्ट भर उन्हात घडली पाहिजे. मग सुगतसारखा हात मिळाला.' एकदा तोंडातून 'माझी' निघालं आणि पुढचं सगळं आपोआप घरंगळत आलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे. मधे दोनदा थांबलो होतो, टाळ्यांसाठी. दोन्ही वेळा मागे फिरता आलं असतं.

टाळ्या वाजल्या. एक पुढारी माझी पाठ थोपटून म्हणाले, "डोकं तुमचं, हात त्याचा. जोडी जमली!" हे वाक्य आपल्याकडे कुठल्या जातीच्या माणसाकडे पाहून, कुठल्या सुरात म्हटलं जातं, ते तुला समजलं. मलाही समजलं. मी पोवाराचा, तीस एकरांच्या घरातला. आमच्या अंगणात विड्या वळल्या गेल्या नाहीत. आम्ही फक्त ओढल्या. मी तुझी कल्पना घेतली, हे एक वेळ चलाख माणसाचं काम म्हणू. पण मी तुझी माय घेतली, सुगत. तुझ्या डोळ्यांदेखत तिला उचलून माझ्या अंगणात नेऊन बसवली.

जिना उतरताना तू म्हणालास, "मस्त सांगितलं." एवढंच. त्यात टोमणा होता का, की तुला खरंच आवडलं होतं, तुझ्या मायची गोष्ट इतक्या लोकांनी ऐकली म्हणून? मी रात्रंदिवस हे वाक्य उलटंपालटं करून पाहतो. तेव्हा विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मी विचारलं, "चहा घेतोस?"

शिक्षा झालीच नाही असं नाही. रिद्धीने टाकलेला भाषणाचा व्हिडिओ फिरत फिरत आमच्याच घरी आला. माझी आई ऐंशीच्या पुढची, मोबाइल कानाला लावून व्हिडिओ ऐकते. सगळा ऐकून तिने मला हाक मारली.

"का रे हेमराज, म्या कवा विड्या वळल्या?"

"अगं, ते... नाटकी बोलायचं असते तसं."

"मंग दुसऱ्याची माय कायले घेतली? मी मेली का?"

एरवी हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगितला असता. कोणालाही सांगितला नाही.

त्यानंतर तू फोन कमी केलेस. मी विचारलं की म्हणायचास, "तिसरं काढून रायलो." मला वाटलं, कामात आहे. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. आणि मग एप्रिलमधली ती सकाळ. वहिनींचा फोन, मी कोहमाऱ्याला पोचलो तोवर सगळं संपलं होतं. तुझ्या दुकानाच्या पत्र्याखाली माणसं उभी होती. समोर काट्यावर एक ट्रक चढला, तोलला गेला, निघून गेला.

सभेत माझी बावीस मिनिटं संपत आली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हेमराजभाऊ, ती तुमच्या आईच्या सावलीची गोष्ट सांगा ना." तुझा फोटो माझ्या उजव्या हाताला, वहिनी डाव्या. याहून चांगली संधी कोणाला मिळते? मी हात जोडले, मान हलवली आणि म्हणालो, "नको. आज सुगतचा दिवस आहे." लोकांना ते किती मोठेपणाचं वाटलं! मी चोरी दुसऱ्यांदा केली, आणि या वेळी नम्रपणाने.

सगळे गेल्यावर वहिनी एक गठ्ठा घेऊन आल्या. तिसऱ्या पुस्तकाची पानं. उभ्यानेच म्हणाल्या, "भाऊजी, त्या सावल्या माझ्या सासूच्या होत्या जी. तुमी काऊन नाई बोलले?"

मी गठ्ठा हातात घेतला.

"ते म्हणे, हेमराज बोलल. आज ना उद्या बोलल," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणो, नाई बोलत तो. आमी भांडलो याच्यावर." मग पदराने गठ्ठ्यावरची धूळ पुसल्यासारखं केलं. "तुमच्यापायी भांडलो जी."

घरी येऊन पानं पाहिली. तिसऱ्या गोष्टीत गुन्हेगार एक माईकवाला आहे. मंडईमंडईत बोलत फिरतो. मिश्या माझ्यासारख्या, पोटसुद्धा माझंच, ते तरी थोडं कमी दाखवायचंस! लोकांच्या घरातल्या वस्तू नाही, गोष्टी चोरतो आणि आपल्या म्हणून सांगतो. फार देखणा काढला आहेस त्याला. प्रत्येक चौकटीत उजेडात. अख्ख्या पुस्तकात त्याला एकही वाईट शब्द नाही, आणि हेच मला सोसवत नाही. रागावला असतास तर मी भांडलो असतो; भांडणात मी बरा असतो.

शेवटच्या पानावर काटेवाला त्याला काट्यावर उभा करतो. भरदुपार. माईकवाल्याच्या पायाशी सावली पडली आहे, पण ती त्याची नाही. बसलेल्या बाईची आहे. मांडीवर विड्यांचं सूप, हात चाललेले. काटेवाल्याचा फुगा तू स्वतःच भरला आहेस, ट्रकवर काढायचास त्या वळणदार अक्षरांत: 'ही सावली कोणाची?'

समोर माईकवाल्याचा फुगा. रिकामा. शेजारी पेन्सिलीने: २.

काल मी रिद्धीला फोन केला. गेमच्या सुरुवातीच्या पाटीवर 'मूळ कल्पना' म्हणून माझं नाव आहे, ते काढ म्हटलं. ती आई कोणाची होती तेही सांगितलं. ती म्हणाली, "सर, पण मी तर माईक त्यांच्यासमोर धरला होता."

"हो."

"मग तो व्हिडिओ काढून टाकू का?"

क्षणभर, अगदी क्षणभर, फार बरं वाटलं. मग म्हटलं, "नको. राहू दे. खाली लिही की हा माणूस खोटं बोलतोय."

तिसरं पुस्तक निघतंय. हे सगळं त्याच्या पहिल्या पानांवर छापायचं, मुखपृष्ठावर तुझं नाव वर आणि माझं खाली, असं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छापून आल्यावर पाहीन." बरोबर आहे. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे दिवस गेले. राहिलं आपलं भांडण: रात्र की दुपार. परवा दोन वाजता तुझ्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. रस्ता पांढरा फक, पत्र्याखाली काहीच दिसेना. तिथे कोणी बसलं आहे की नाही, हे उन्हातल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. पत्र्याखाली जो असेल त्याला मात्र मी नखशिखांत दिसत होतो. हरलो गा.

फुगा तेवढा भरायचा होता. आधी पेन्सिलीने 'तुझ्या आईची' लिहिलं. शब्द दोनच, नीट मावले. पण ते तर आपल्या दोघांतलं बोलणं झालं, पत्र्याखालचं, हळूच. मी चोरी माईकवर केली होती. ते खोडलं, शाई घेतली आणि तुझ्यासारखं वळण काही जमत नाही, तरी जमेल तितक्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

'सुगतच्या आईची.'